पहिला घास

सावित्रीने तांब्या माशांच्या पेटीत बुडवला, हात उंच नेला आणि पाणी परत आत सोडलं. धार पडली की पाण्यात हवा मिसळते, असं तिच्या नवऱ्याने, हरिश्चंद्राने सांगितलं होतं. खांदे भरून आले, तरी पट्ट्यांचा मासा वर येऊन आ वासतच होता. बाकीचे दोन मेले, ते तिने सकाळीच केळीच्या मुळाशी पुरले होते.

ही काचेची पेटी हरिश्चंद्राने मुंबईहून आगबोटीने, पेंढ्यात गुंडाळून आणली, ती बापासाठी. जन्मभर होडी हाकलेल्या गणपत तांडेलांचं अर्धं अंग लुळं पडलं, किनाऱ्यावर जाणं सुटलं, आणि त्यांनी अन्नच टाकलं होतं. पेटीत वाळू, शिंपले आणि खडकातल्या डबक्यातले मासे आले, तसे तांडेल पुन्हा ताटावर बसू लागले. "घरात दर्यो इलो," म्हणाले. तेही लेकाला. सुनेशी ते बोलतच नसत.

हरिश्चंद्राचं काय, सांगायला तोंड आणि परतायला आगबोट! दर्या पडला सावित्रीच्या गळ्यात. आटलेलं पाणी विहिरीच्या पाण्याने भरायचं, गढूळ झालं तर थोडं उपसून समुद्राचं घालायचं, मासे चिमूटभर खाण्यावर ठेवायचे. सगळं ती नेमाने करत होती. मग पाणी नासत का होतं? हा मासा गेला तर म्हातारा पुन्हा जेवायचा नाही.

दुपारी तिने सासऱ्यांसमोर ताट ठेवलं आणि आज निघून न जाता दाराआडून बघत थांबली. त्यांनी भाताचा घास उचलला, कपाळाला लावला आणि हात पेटीवर नेला. जन्मभर होडीवर त्यांनी हेच केलं होतं. आधी दर्याला, मग आपल्याला.

ती धावली. घासाखाली तिने तळहात धरला.

"मामांनू, थांबा!"

दुसऱ्या हाताने तिने पेटीतली वाळू उकरली. शिंपल्यांखालून आंबलेल्या भाताचा गाळ वर आला.

"ह्या भातान पाणी नासता. मासो मरतलो."

ते माशाकडे बघत राहिले. हात मात्र मागे येईना.

"दर्याक दिल्याबगर माझ्या घशाखाली उतरणा नाय."

इकडे आड, तिकडे विहीर. तिला रडूच कोसळायचं बाकी होतं, पण तिने तळहात हलवला नाही. सासऱ्यांची नजर त्या हातावर आली. कोपरापर्यंत खारं पाणी वाळून पांढरं झालं होतं.

"पाणी कोण हाडता?"

"मीच. दर्यावरसून."

"सकाळपासना काय खाल्लंस?"

पुरुषांची ताटं उठल्याशिवाय बायकांनी जेवायची या घरात रीतच नव्हती.

त्यांनी घास पुन्हा कपाळाला लावला आणि तिच्या तळहातावर ठेवला.

"खा गो."

सावित्री कावरीबावरी होऊन दाराकडे बघू लागली. मग पाठ फिरवून तिने तो घास तोंडात घातला.

तिने गिळल्यावरच त्यांनी ताटातला दुसरा घास उचलला.