हळदीच्या रंगाची वायर

श्रावणातल्या दर शनिवारी उठल्यापासून, शिंगणापूरला जाऊन शनिदेवाचं दर्शन होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं व्रत मी त्या वर्षी धरलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, केवढं कठीण! खरं तर एरवीही माझं बोलणं शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही. माशानं पाण्यात राहायचं व्रत घ्यावं, तसलं हे माझं मौन. पण त्याची दवंडी मीच केडगावभर पिटली होती. आता शेवटचा शनिवार तेवढा उरला होता आणि तो नीट पार पडला नसता, तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

आमचे हे ट्रॅक्स जीपमधून नगरहून भाविकांना शिंगणापूरला न्यायचे. स्टँडवरच्या बाकीच्या गाड्यांत गाणी दणाणायची, आमच्या गाडीत नुसती दारं खडखडायची. म्हणून ह्यांनी टेप, मोठे स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर घेतला. बॅटरीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत न्यायची वायर तेवढी राहिली होती. ती आणायला आम्ही शुक्रवारी संध्याकाळी नूरमहंमदभाईंच्या दुकानात गेलो.

भाईंनी बोटाएवढी जाड, काळी केबल पुढं ठेवली. "लाल संपलीय, सोमवारी येईल. आज हीच घ्या."

"काळी नको," मी म्हणाले.

"काय म्हणाल्या वहिनी?"

"काळी नको म्हणतीय!" हे ओरडले.

"काळं शनिदेवाला वाहायचं असतं," मी समजावलं, "आपल्या गाडीत आणायचं नसतं." तेवढ्यात मला फळीवर पिवळं वेटोळं दिसलं. "ती द्या ना. कशी हळदीसारखी आहे."

भाईंनी कपाळाला हात लावला. "वहिनी, ती घरातल्या बल्बची वायर! आवाज वाढवला की अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीतून सपासप करंट ओढतो. एवढीशी वायर तापेल, वितळेल."

"पण आवाज वाढवायचाच कशाला? मी पुढंच बसलेली असते. कुणी वाढवलाच, तर लगेच सांगेन कमी करायला."

"मग मी बसवून देत नाही. उद्या काही पेटलं तर नाव माझं जाईल."

ह्यांनी घरी येऊन स्वतःच ती वायर बसवली. फ्यूजही लावला नाही. माझ्या पायाखालच्या मॅटखालून ती मागं नेली आणि मी तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. एवढं केल्यावर वितळायची काय बिशाद तिची!

शनिवारी गाडी खचाखच भरली. मी पुढं, हातात जपमाळ. ह्यांनी भजनाची कॅसेट लावली, आवाज अगदी माझ्या मनासारखा हळू. शेंडी गाव मागं पडलं तोच मागच्या सीटवरून विमलबाई नावाची एक म्हातारी ओरडली, "आवो डायवर, वाढवा की जरा! मागं काईच ऐकू येत न्हाई!"

ह्यांनी आवाज वाढवला. मी 'कमी करा' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मौन! दुकानात एवढं शहाणपण शिकवताना नेमकं हेच माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं.

इमामपूरच्या घाटात कॅसेटमधला पखवाज रंगात आला. प्रत्येक थापेला समोरचा दिवा मिणमिणायला लागला. मला कसलासा वास आला. वाटलं, कुणीतरी हलक्यातली उदबत्ती लावली असेल. मग मॅटखालून धूर दिसला.

मी जोरजोरात टाळ्या वाजवून ह्यांना खुणावलं.

"रंगली बघा आमची मंडळी!" हे खूश होऊन म्हणाले. मागच्या सगळ्यांनी टाळ्यांचा ताल धरला. मी ह्यांची बाही ओढली. "हो हो, अजून वाढवतो," म्हणत ह्यांनी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं.

चप्पल चटका द्यायला लागली. एकीकडं माझं व्रत, दुसरीकडं गाडीभर माणसं. देवा, क्षमा कर.

"अहो, बंद करा! पेटलंय!"

हा आवाज आपला आहे, हे मला जरा उशिरानंच कळलं. घाटातल्या शेळ्यांनी माना वर केल्या. ह्यांनी घाबरून ब्रेक दाबला, माणसं पटापट खाली उतरली. ह्यांनी बॉनेट उघडून बॅटरीवरची वायर उपटून काढली, मॅटवर कॅनमधलं पाणी ओतलं.

सगळं निवल्यावर विमलबाई माझ्याजवळ आल्या. "आगं बया! मुकी न्हाईस व्हय तू? मी मगापासून हळहळत हुते, एवढी चांगली बाई अन् देवानं वाचा न्हाई दिली."

ह्यांनी मॅटखालची वायर ओढून माझ्या हातात दिली. हळद कुठं उरली नव्हती, पार कोळसा झाली होती. "घे. झाली आता काळी. वाहा शनिदेवाला."

सोमवारी लाल केबल आली. भाईंनी फ्यूजसकट स्वतः बसवून दिली. जळक्या वायरीचं ऐकून नुसते हसत राहिले. तेच जास्त लागलं.

मोडलेलं व्रत पुढच्या श्रावणात मी पुन्हा पहिल्यापासून धरलं. या खेपेला एका हातात जपमाळ आणि दुसरा हात टेपच्या बटणावर. नाव देवाचं, लक्ष बटणावर, अशी माझी साधना. मागून कुणी "वाढवा की जरा" म्हणालं, की हे मान वळवून सांगतात, "काय करणार? बाई मुकी आहे. आणि बहिरीपण."

आणि दर्शन होईपर्यंत मला त्यावर काही बोलता येत नाही.