गोलामागची जागा

हाफटाइमची शिटी झाली तसं चंपतरावांनी गुडघ्यावर हात टेकून स्वतःला उठवलं, खालचं बारदान झटकलं आणि ते बाकीच्यांच्या मागोमाग चालू लागले. नवप्रकाश क्लबची माणसं कधी मैदानाच्या कडेला बसत नसत. ती बसत आपल्या गोलकीपरच्या पाठीमागे. संघांनी बाजू बदलल्या की अख्खा मोहल्ला बारदानं आणि पानाचे डबे उचलून मैदानाला वळसा घालून पलीकडे जाई. दुसऱ्या क्लबवाले हसत. हसोत बापडे. पाचपावलीच्या वस्तीत धम्मदीक्षेच्या दुसऱ्या वर्षी हा क्लब निघाला, तेव्हा या माणसांना खुर्च्या कोण देणार होतं? गोलामागची जागा कुणी मागत नव्हतं, म्हणून ती यांची झाली.

यंदा मात्र खुर्च्या होत्या. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानाचे मालक भगवानदास सेठ यांनी क्लब घेतला होता आणि कडेला शामियाना ठोकला होता. चंपतराव क्लबचे पहिले गोलकीपर, म्हणून त्यांच्यासाठी तिथं मानाची खुर्ची असे. एक मॅच ते बसलेही. पाय खाली टेकवून, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखे. दुसऱ्या मॅचपासून ते आपले पुन्हा बारदानावर.

"सेठचा पैसा अन् आपला घसा," शेजारून चालणारा चंद्रभान म्हणाला. "दोन्ही वाया जाऊन राहिले."

"एक-एक तं आहे ना अजून," मुकुंद म्हणाला. तो पोस्टात होता आणि सेठचा कट्टर माणूस होता. "एक गोल झाला का वाचलो."

"अन् नाही झाला तं?"

नाही झाला तर काय, ते सगळ्यांना पाठ होतं. हंगामातली ही शेवटची मॅच, समोर मिलचा संघ. जिंकलो नाही तर नवप्रकाश खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार. आणि खालच्या डिव्हिजनमध्ये माझं नाव लावणार नाही, असं सेठनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे सेठ जाणार, बूट जाणार, सरावानंतरचं दूध जाणार, आणि एकदा बंद पडलेला वर्गणीचा डबा पुन्हा फिरवायला कोण दारोदार जाणार होतं?

हे सगळं चंपतरावांच्या अंगावर होतं. विहाराच्या अंगणातल्या बैठकीत चंद्रभाननं विचारलं होतं, "क्लब विकून राहिले का गा तुम्ही?" तेव्हा कुणाचाच हात वर जाईना. शेवटी चंपतराव उठले. म्हणाले, "पोरं फाटक्या बुटानं खेळून राहिली. देऊन टाका." चंपतमामांनी म्हटलं म्हणून हात वर गेले. सेठनं पहिलं काम केलं ते गोलकीपर ताराचंदला काढण्याचं. हा बुटका आहे, म्हणाले, आणि कामठीहून उंच गोलकीपर आणला. ताराचंदला चंपतरावांनीच घडवलं होतं. अकरा वर्षं त्याच्या पाठीमागे बसून त्यांनी घसा कोरडा केला होता. त्या दिवशी ते सेठला एक शब्द बोलले नाहीत. क्लब वाचत असेल तर एवढं सोसावं, असं त्यांनी मनाला समजावलं. मन काही समजलं नाही.

मिलनं ताराचंदला बदली कामगार म्हणून घेतलं आणि आपला गोल सांभाळायला दिला. आता तोच समोरून येत होता, चिखलानं माखलेला.

"जय भीम, मामा. बरे आहे ना?"

"आहो बापा."

ताराचंद पुढे गेला. चंपतराव दोन पावलं चालले, थांबले आणि वळले. गुडघे दुखताहेत, एवढा वळसा होणार नाही, असं त्यांनी चंद्रभानला सांगितलं. ते खरंही होतं. मग ते ताराचंदच्या मागोमाग गेले आणि त्याच्या गोलामागे बारदान टाकून बसले. त्या बाजूला ते एकटेच.

दुसरा हाफ रडतखडत चालला. सेठनं आणलेल्या खेळाडूंच्या पायात बूट चांगले होते, पण ते एकमेकांना ओळखत नव्हते. चंपतरावांना खेळ पाहून नुसता थकवा आला. मॅच संपायला आली तेव्हा मिलच्या बॅकनं धसमुसळेपणा केला आणि रेफ्रीनं पेनल्टी दिली. नवप्रकाशला.

पलीकडच्या गोलामागे मोहल्ला उभा राहिला. चंपतरावांनी हात जोडले नाहीत, पण बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. हा एक गोल होऊ दे. मग लोक मला दोष देणार नाहीत, पोरांचे बूट राहतील, मी निवांत मरेन. असं अगदी स्पष्ट त्यांच्या मनात आलं.

अन्वरनं बॉल ठेवला. सेठनं कामठीहून आणलेला हा फॉरवर्ड हंगामभर त्यांनी पाहिला होता. धावण्याआधी तो मान खाली घालून खांदा किंचित पाडी, तेव्हा बॉल कुठं जाणार ते चंपतरावांना कळे. मैदानावर सगळे गप्प झाले होते. शामियान्यातल्या चहाच्या कपबशा वाजलेल्या ऐकू येत होत्या. अन्वरचा खांदा पडला.

"डावा, तारा!"

आवाज त्यांचाच होता. तोंडातून निघून गेल्यावर त्यांना तो ऐकू आला. ताराचंद डावीकडे झेपावला आणि बॉल त्याच्या मुठीला लागून बाहेर गेला.

मॅच एक-एक अशीच संपली. सेठ शामियान्यातून उठले आणि सरळ मोटारीत बसले. मोहल्ला मैदान ओलांडून आला आणि चंपतरावांभोवती उभा राहिला. ते बारदानावरच बसून होते. शिव्या खायची त्यांची तयारी होती. खरं म्हणजे त्या मिळाल्या असत्या तर त्यांना बरंच वाटलं असतं.

"मामा," मुकुंद म्हणाला, "काहून ओरडले तुम्ही?"



"कोण ओरडलं?" गोलाच्या खांबाला टेकून बुटाची नाडी सोडता सोडता ताराचंद म्हणाला. "मले तं काही ऐकू नाही आलं. मी आपल्या मनानं गेलो."

मुकुंद त्याच्याकडे बघत राहिला. चंद्रभाननं मुकुंदच्या खांद्यावर हात ठेवला.

"चाल गा. सकाळी ड्यूटी आहे."

एकेक करून माणसं पांगली. ताराचंदनं बूट गळ्यात अडकवले, चंपतरावांना हात देऊन उठवलं. दोघं कमाल चौकाच्या दिशेनं चालू लागले, म्हातारा चालेल त्या चालीनं.

"तू उजवीकडं जाऊन राहिला होता," चंपतराव म्हणाले.

ताराचंदनं त्यांच्या काखेतलं बारदान घेतलं आणि आपल्या खांद्यावर टाकलं.

"हो," तो म्हणाला.