मॉराबाईचा वाटा

मॉराबाईनं माझ्यासाठी आंबे आणले आणि मी ते खाल्ले नाहीत. स्कॉटलंडला शिकायला येऊन मला सात महिने झाले होते. तेवढ्या काळात मी कुणाचं मन मोडलं नव्हतं. मोडलं ते नेमकं घरमालकिणीचं.

मॉराबाई सत्तरीची. नवरा इयन वारला, तेव्हापासून घर खायला उठतं म्हणून तिनं वरची खोली मला भाड्यानं दिली. इथं सगळे तिला नुसतं मॉरा म्हणतात, पण एवढ्या मोठ्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही.

एकदा बर्फ पडत असताना मी तिच्याजवळ बोलून गेले होते की, आंब्याच्या दिवसांत मला घरची फार आठवण येईल. तिनं ते लक्षात ठेवलं. एप्रिलमध्ये दोन बस बदलून ती शहरातल्या दुकानात गेली. टेबलावर चार आंबे, सुरी, दोन बशा मांडून तिनं मला हाक मारली. आणि मी म्हणाले, "आत्ता नको."

"आवडत नाहीत?"

"खूप आवडतात."

तिनं आंबे टोपलीत ठेवले आणि बशा परत कपाटात.

आमचं गाव एटापल्लीच्या पुढे, जंगलात. आमच्याकडे पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा कुणी तोंडाला लावत नाही. पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. गावचा पुजारी, म्हणजे आमचा गायता, देवाच्या ठाण्यावर पहिला आंबा वाहतो, मग गेलेल्या माणसांच्या नावानं ठेवतो, आणि त्यानंतर गाव खातं. घरातलं कुणी परगावी असलं, तरी त्याच्या नावानं वाटा ठेवतात. मी मातीचं शास्त्र शिकते. पेरू देशातून आलेल्या आंब्याचा आणि आमच्या दसरू गायत्याचा काही संबंध नाही, हे मला चांगलं कळतं. तसं मी स्वतःला समजावूनही पाहिलं. पण हात जाईना. खरं सांगायचं तर मला भीती वाटली. पाप लागेल याची नव्हे. इथं येऊन माझं जेवण बदललं, बोलणं बदललं, हल्ली स्वप्नंसुद्धा इंग्रजीत पडतात. गावाचं म्हणून माझ्याजवळ एवढंच उरलं होतं. हेही सोडलं, तर माय माझा वाटा कुणाच्या नावानं ठेवणार?

रविवारी बा टेकडीवर चढून मला फोन करतो. आमच्याकडे नेटवर्क तिथंच येतं.

"पंडुम कवा हाय, बा?"

"दसरूभाऊच्या पायात काटा मोडला. पाय सुजून राह्यला त्याचा. ठाण्यावर चढता येत नाई. थांबलो आहो सारे. काऊन?"

मी सांगितलं. बा हसला. "खाऊन घे ना. तिथं कोन पाहून राह्यला तुले?"

मग मायनं फोन घेतला. "म्हातारीनं एवढ्या हौसेनं आनले अन् तू नाई म्हनलं? काऊन खात नाई, हे तरी सांगितलं का तिले?"

नव्हतं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं.

"मंग आधी सांग," माय म्हणाली.

फोन ठेवून मी खाली गेले आणि सगळं सांगितलं. आंब्याचं, ठाण्याचं, दसरू गायत्याच्या पायाचं. मॉराबाई हसली नाही. "पाय कधी बरा होईल?" एवढंच तिनं विचारलं.

"काय माहीत."

"मग थांबू."

"तुम्ही खा ना," मी म्हणाले. "तुम्हाला कुठे बंधन आहे?"

"एकटीनं खायचे असते तर चार कशाला आणले असते?"

झालं, आम्ही दोघी थांबलो. रोज सकाळी चहा ओतताना मॉराबाई विचारायची, "पाय कसा आहे?" आंबे सुरकुतायला लागले, तेव्हा तिनं ते फ्रीजमध्ये ठेवले. मी प्रयोगशाळेत मातीचे नमुने चाळत बसायचे, पण सगळा जीव दसरू गायत्याच्या पायात.

पुढच्या रविवारी फोन आला.

"झाला पंडुम," बा म्हणाला. "पोट्ट्याईनं दसरूभाऊले खाटेवर बसवून ठाण्यावर नेलं. नवरदेवावानी."

"माझा वाटा?"

"ठेवला ना. गायता घराघराले विचारे, किती जनाईचा वाटा? घरी आमी तिघं, तुही आजी धरून. तर तुही माय म्हनली, पाच."

"पाच कसे?"

माय मागून बोलली, "एक तुहा. अन् एक त्या म्हातारीचा. थांबली ना ते आपल्यासंगं? मंग तिचा वाटा नाई का?"

मी फोन धरून रडले. तिकडे बा "हॅलो, हॅलो" करत राहिला. त्याला वाटलं, नेटवर्क गेलं.

खाली जाऊन मी मॉराबाईला सांगितलं. "माझा वाटा?" तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिनं चष्मा काढून पुसला आणि फ्रीज उघडला.

चारांतले दोनच आंबे खाण्याजोगे निघाले. तिनं ते कापून दोन बशांत मांडले. मी फोड उचलणार, तोच ती म्हणाली, "थांब."

तिनं कपाटातून तिसरी बशी काढली. "आधी गेलेल्या माणसांना देतात म्हणालीस ना? इयननं जन्मात आंबा खाल्ला नव्हता. चालेल का गं तुमच्या गायत्याला?"

"चालेल," मी म्हणाले. गायत्याला काय विचारायचं त्यात.

खिडकीजवळ इयनची खुर्ची असते. तिच्यापुढं तिनं बशी ठेवली, त्यात सगळ्यांत मोठी फोड, आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग आम्ही खायला बसलो. आंबा काही फार गोड नव्हता. आम्ही सालीसुद्धा चोखल्या.