नव्या आवृत्तीतलं तळं

नकाशाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. आता म्हणे विमानातून काढलेला फोटो पाहून ते तळी स्वतःच ओळखतं. ओळखतं कसलं डोंबल! निळं काही दिसलं की तळं. निळा ट्रक तळं, शाळेचे निळे पत्रे तळं. सकाळपासून मी ऑफिसात तळी पुसत बसलो होतो आणि त्यात एक निघालं चक्क माझ्याच घरावर.

ती आमची ताडपत्री होती. छत गळतं म्हणून बायको कधीची मागे लागली होती. गवंड्याला बोलवायचं सोडून मी वर ताडपत्री टाकून मोकळा झालो होतो.

हे तळं मात्र सॉफ्टवेअर काही पुसू देईना. हीसुद्धा नवीच सोय: मधूनच एखाद्या तळ्यासाठी म्हणे आधी जागेवर जाऊन खात्री करा. मी साहेबांवर उखडलो. "अहो, माझंच घर आहे ते! तिथे तळं नाही हे मला माहीत नसणार?"

"तुम्हाला माहीत आहे हो, सॉफ्टवेअरला कुठे माहीत आहे? जाऊन या."

चरफडत घरी गेलो. बायको गळक्या जागेखाली बादली सरकवत होती. मी शिडी लावून वर चढलो. ताडपत्री मधोमध खचली होती आणि रात्रीच्या पावसाचं घोट्याएवढं पाणी तिच्यात साचलं होतं. दोन चिमण्या मजेत अंघोळ करत होत्या.

फोनवर सॉफ्टवेअरचा प्रश्न आला, "इथे पाणी आहे का?"

"काय आहे हो वर?" बायकोने खालून विचारलं.

दात-ओठ खात मी 'हो' दाबलं.

"तळं," मी म्हणालो.