आरोहीला सांगायचा पिक्चर

गुरुशांत दर शनिवारी निंगप्पाच्या सलूनमध्ये जाऊन बसायचा, पण दाढी करून घ्यायला नव्हे. बाकावर बसून तो निंगप्पाची नजर आरशातून आपल्याकडे वळायची वाट बघायचा आणि मग विचारायचा, "या आठवड्यात घरी काय बघितलास?"

निंगप्पाला पिक्चरचा भारी नाद. दुकान बंद करून घरी गेला की जेवताना एक आणि जेवण झाल्यावर दुसरा. गुरुशांतला ऐकू येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणून निंगप्पा हातातली कात्री थांबवून, आरशात बघून, तोंड मोठं करून बोलायचा. गुरुशांत आरशातले ओठ वाचायचा.

"मामा, फर्स्ट हाफ एक नंबर. सेकंड हाफला डायरेक्टर गावाला गेल्ता वाटतंय."

"व्हिलन?"

"व्हिलन लई भारी की! हिरोपरीस त्येलाच पगार जास्त द्याला पायजे."

"गाणी कशी हायत?"

"गाणी कोण बघतंय? मी तवर भाकरी वाढून घेतो."

गुरुशांत एकेक वाक्य मनात बसवून घ्यायचा. खुर्चीतलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून हसायचं. "मामा, एवढं इचारताव, त्यापरीस घरचा टीव्ही लावा की."

"लावतो की," गुरुशांत म्हणायचा.

तो लावत नव्हता. बायको, सिद्धेश्वरी, गेल्यापासून त्यानं टीव्हीवर चादर टाकली होती, ती काढलीच नव्हती.

गुरुशांतची सगळी हयात चादरीच्या कारखान्यात गेली. मागांच्या खडखडाटात शेडमधली माणसं आवाजानं बोलत नाहीत, ओठांनी आणि हातांनी बोलतात. कान कधी गेले हे त्याला कामावर कळलंच नाही, कारण तिथं कानांची गरज पडत नव्हती. ते घरी कळलं. पुढं एका शिबिरात कानाला लावायचं मशीन मिळालं, पण ते नुसती शिट्टी मारायचं. त्यानं ते कपाटात टाकून दिलं.

टीव्हीवरचा पिक्चर त्याला सिद्धेश्वरी सांगायची. हिंदी त्याला ओठांवरून ओळखता यायची नाही. मग ती त्याच्यासमोर, टीव्हीकडे अर्धी पाठ करून बसायची आणि ऐकलेलं सगळं अर्धं मराठीत, अर्धं कानडीत सांगत राहायची. आवाज न काढता, नुसत्या ओठांनी. मधेच पदरचं घालायची. हा मेला लबाड दिसतोय. हिला अक्कल नाही, असल्या माणसाबरोबर कोण जातं? पिक्चर संपला की गुरुशांतला सगळी गोष्ट ठाऊक असायची, पण हिरोचं तोंड धड आठवायचं नाही. तो पिक्चरभर बायकोच्याच तोंडाकडे बघत बसलेला असायचा.

रविवारी सकाळी पुण्याहून लेकीचा फोन यायचा. आरोही तिथं एका कंपनीत होती, नवराही तिथंच. मायलेकींचा विषय एकच. तू तो बघितलास का? कसला बघते, अर्ध्यात झोपले. आई, शेवट तरी बघायचा होतास. शेवटाला काय, लग्न झालं असेल. दोघी पोट धरून हसायच्या. गुरुशांत शेजारी बसून दोघींचं हसणं बघायचा. त्याला बोलायची गरज नव्हती.

श्रावणात सिद्धेश्वरीला ताप आला. दवाखान्यात नेली, ती परत घरी आली नाही.

त्यानंतरही आरोहीचा फोन येत राहिला. चेहरा दिसेल असाच ती फोन लावायची, म्हणजे अप्पाला ओठ दिसतील. पण बोलायला काही नसायचं. "जेवलात का, अप्पा?" जेवलो. "गोळ्या घेतल्या का?" घेतल्या. मग दोघं एकमेकांकडे बघत बसायची. आईचं नाव दोघंही काढत नसत. "बरं, ठेवते," आरोही म्हणायची आणि पडदा काळा व्हायचा.

मग एका रविवारी फोन आलाच नाही. गुरुशांत अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून फोन मांडीवर घेऊन बसला होता. दुपार झाली. भात शिजवलेला होता, तो तसाच राहिला. स्वतः फोन लावावा तर लावून बोलायचं काय? संध्याकाळी आरोहीचा मेसेज आला, पाहुणे आले होते, विसरले. त्यानं तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. लेक विसरली, यात तिची चूक नव्हती. पण त्या दिवशी त्याला कळून चुकलं की बायको गेली तशी ही पण जाणार. भांडण नाही, रुसवा नाही, आधी दोन मिनिटं, मग महिन्यातून एकदा, मग सणाला. आणि मग या घरात त्याच्याकडे तोंड करून बोलणारं कुणी उरणार नाही.

पुढच्या रविवारी आरोही "बरं, ठेवते" म्हणायच्या बेतात होती, तेव्हा तो घाईनं म्हणाला, "काल पिक्चर बघितला."

आरोहीचे डोळे मोठे झाले. "तुम्ही? एकट्यानं? कुठला?"

समोर राहणारी काशम्मा आदल्या दिवशी नळावर एका पिक्चरबद्दल बोलली होती, तेच त्यानं उचलून सांगितलं. "त्येच्यात सासू लई चांगली दाखवलीय. म्हणून खोटा वाटतोय. हिरॉईन आजारी पडून मराला लागली, तरी ओठाला लाली तशीच."

आरोही हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा ती दात दिसेपर्यंत हसली. त्या दिवशी फोन किती वेळ चालला याचं गुरुशांतला भानच राहिलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या.

तेव्हापासून हा उद्योग सुरू झाला. मारामारीचा पिक्चर निंगप्पाकडून, रडायचा काशम्माकडून. कधी कधी दोघांचं एकातएक व्हायचं. मग आरोही म्हणायची, "अप्पा, मघाशी म्हणालात बकवास आहे, आता म्हणताय छान आहे." "पहिल्यांदा बकवास वाटला, मग आवडला," असं काहीतरी तो ठोकून द्यायचा. ती हसून सोडून द्यायची.

आणि मग असा एक शनिवार आला की निंगप्पाच्या दुकानाला कुलूप. मेव्हण्याच्या लग्नाला गेला होता. काशम्मा दुधनीला भावाकडं बारशाला गेलेली. गुरुशांत नवी पेठेपर्यंत चालत गेला. कापडाच्या दुकानांसमोर गर्दी होती, रिक्षा एकमेकींना घासून चालल्या होत्या. तो एका पानटपरीजवळ उभा राहून दोन पोरांना म्हणाला, "घरी कुठला पिक्चर बघितलाव काय?" त्यांनी काहीतरी उत्तर दिलं, पण गुटख्यानं भरलेल्या तोंडातून त्याला एक शब्द वाचता आला नाही. तो तसाच परत आला. उद्या काय सांगायचं? जेवलो, गोळ्या घेतल्या, आणि मग?

घरी येऊन त्यानं टीव्हीवरची चादर ओढली.

त्याला वाटलं होतं, तिच्याशिवाय पडदा बघवणार नाही. बघवतही नव्हता. समोरची जागा रिकामी होती, त्यामुळे आता सगळा टीव्ही दिसत होता. एक म्हातारा बाप एसटी स्टँडवर मुलाला निरोप द्यायला आला होता. गुरुशांत सवयीनं त्या म्हाताऱ्याच्या ओठांकडे बघत होता, आणि एकदम ताठ बसला. म्हातारा कानडी बोलत होता. निंगप्पा नेहमी म्हणायचा, हे सगळे साऊथचे पिक्चर, फक्त आवाज हिंदी घालतात. आवाज गुरुशांतला ऐकू येतच नव्हता. त्याला मूळच्या माणसाचे ओठ दिसत होते, आणि ते त्याच्या घरातली भाषा बोलत होते. इतकी वर्षं तो बायकोकडे बघत बसला आणि हे त्याला कधी कळलंच नव्हतं.

सगळं कळत नव्हतं. माणूस पाठमोरा झाला की गोष्ट तुटायची. पण स्टँडवरचं त्याला स्वच्छ कळलं. म्हाताऱ्यानं मुलाची बॅग धरली आणि तो म्हणाला, होगबेड. जाऊ नको. घरात एकट्याला भीती वाटते. मुलगा गेला. गुरुशांत शेवटपर्यंत बघत राहिला. शेवटी बाप खाटेवर मरून पडला होता आणि मुलगा उशिरा आला. गुरुशांतनं टॉवेलानं तोंड पुसलं. पण आत कुठंतरी त्याला जोर आला होता. उद्या सांगायला त्याच्याकडे स्वतःचा पिक्चर होता.

रविवारी आरोहीचा चेहरा दिसला तसं त्यानं गोळ्यांचं विचारूही दिलं नाही. नाव सांगितलं, गोष्ट सांगितली.

"अहो अप्पा, मी पण बघितला तो परवा!" आरोही म्हणाली. "तो स्टँडवरचा सीन कसला भारी आहे ना?"

"व्हय. त्यो म्हातारा बॅग धरून म्हणतोय की, जाऊ नको, मला भीती वाटत्या घरात."

आरोहीच्या कपाळाला आठी पडली. "नाही हो. तो म्हणतो, जा बेटा, नाव कमव, माझी काळजी करू नको. म्हणून तर रडू येतं."

"न्हाय गं. होगबेड म्हणतोय. मी बघितलोय."

"अप्पा, असं नाहीये त्यात."

"हाय!"

आरोही ओठ सावकाश हलवत म्हणाली, "अप्पा, तुम्ही बघितलाच नाही ना? मागच्या वेळी म्हणालात गाणी चांगली आहेत, त्यात एकही गाणं नव्हतं. त्याआधी वेगळ्याच पिक्चरचा शेवट सांगितलात. मी काही बोलले नाही. पण हे कशासाठी?"

गुरुशांत इतके दिवस खोटं बोलला ते चाललं, आणि एकदाच खरं सांगायला गेला तर हे झालं.

"सिद्धरामेश्वराची शपथ, हा बघितलोय," तो म्हणाला. "आदुगरचे न्हाय बघितले. ते निंगप्पाला इचारून सांगत होतो, काशम्माला इचारून. टीव्हीवर चादर होती. काल काढलो. त्येंचे ओठ कानडी हायत गं, हिंदी नुसतं वरनं घातलंय. मला ऐकू येत न्हाय म्हणून मला खरं दिसलं."

"पण खोटं कशाला सांगत होता?"

"तू फोन ठेवशील म्हणून."

आरोहीचं तोंड अर्धवट उघडलं आणि तसंच राहिलं. गुरुशांत वाट बघत राहिला. तिचे डोळे मिटत नव्हते, मान हलत नव्हती. मग त्याच्या लक्षात आलं, चित्र अडकलं होतं. फोन चालू होता, पण लेक दिसत नव्हती. ती बोलत असेल, ओरडत असेल, रडत असेल, किंवा तिनं फोन टाकून दिला असेल. त्याला कळायला काहीच मार्ग नव्हता.

"आरोही, परत सांग," तो म्हणाला. "दिसेनास तू." फोन खिडकीत धरला, दारात धरला. अडकलेलं तोंड तसंच. कपाटातलं मशीन काढून कानात खुपसलं, ते शिट्टीही मारेना. बॅटरी कधीच संपली होती. फोन बंद करून परत लावावा, तर तिनं उचललाच नाही तर? हातातला हा एवढा फोन सोडायची त्याची छाती होईना. तो अनवाणी गल्लीत धावला.

काशम्मा नुकतीच दुधनीहून आली होती. रिक्षातून पिशवी उतरवत होती. गुरुशांतनं फोन तिच्या कानाला लावला.

"काय की वं, अण्णा! पैसे तर देऊ द्या त्याला."

"आरोही हाय का बघ. बोलायलीय का? काय म्हणत्या ते सांग."

काशम्मानं पिशवी खाली ठेवली. कान देऊन ऐकलं, आणि तिचा चेहरा बदलला. गुरुशांत तिच्या ओठांवरून नजर काढत नव्हता.

"हाय," काशम्मा म्हणाली. "रडायलीय पोरगी."

"काय म्हणत्या?"

"थांबा की... तुमाला भीती वाटत्या का, इचारायलीय. घरात एकटं."

रिक्षावाला पैशासाठी थांबला होता. समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं पेपर वाचत बसले होते. मयतीला आलेल्या प्रत्येकाला गुरुशांतनं सांगितलं होतं, माझं बरं हाय, काळजी करू नका. त्यानं एकदा ओट्याकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. आपला आवाज किती चढलाय हे त्याला कळत नव्हतं. ओट्यावरच्यांनी माना वर केल्या, तेव्हा कळलं. तरी तो थांबला नाही. "व्हय, वाटत्या. लई वाटत्या. सांग तिला."

काशम्मानं फोनमध्ये तेच सांगितलं, आणि मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. गुरुशांतनं तिचा दंड धरला होता.

"काय? काय म्हणत्या?"

काशम्मानं पदरानं डोळे टिपले आणि तोंड मोठं करून, त्याला नीट दिसेल असं सांगितलं, "फोन ठिवू नका म्हणत्या. बोलत ऱ्हावा म्हणत्या, काय बी बोला."