मी हँग होतो तेव्हा

मी संगणक बोलतोय. थांबत थांबत बोलतोय, कारण घाई मला जमत नाही. एक स्पीकर गेलाय, म्हणजे निम्मा मुका आहे म्हणा. शिक्षणही अर्धवटच. एकदा मला शहाणं करायचं म्हणून अपडेट सुरू केलं, ते मध्यावर आलं आणि लाइट गेली. तेव्हापासून मी अर्धाच शहाणा आहे. तुमच्यातले कितीतरी जण पूर्ण शिकलेले म्हणून मिरवतात. त्यांची लाइट कुठे गेली होती, हे मी विचारत नाही.

मी डोळे उघडले ते जयपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात. साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मुलांच्या शिक्षणासाठी आणलाय." मुलं होती हॉस्टेलात. साहेब दार लोटून माझ्यावर पत्ते खेळायचे, आणि मेमसाहेबांची चाहूल लागली की हवामान उघडायचे. जयपूरचं मे महिन्यातलं हवामान, त्यात काय बघायचं असतं? मी मग गंमत करायचो. बाई दारात आल्या की नेमका हँग व्हायचो. पत्ते पडद्यावर तसेच. साहेबांचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. ही विद्या मी तिथेच कमावली.

पुढे मालवीय नगरातल्या एका कोचिंग क्लासात गेलो. तिथे माझ्या विद्येची कदर नव्हती. मी हँग झालो की मुलं घड्याळाकडे बघायची आणि शिकवणारे छताकडे. कुणी हसायचंच नाही. लवकरच माझी रवानगी झाली, आणि रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळाने मला टेम्पोत घालून आपल्या खोलीत आणलं.

इथे मात्र माझं नशीब उघडलं.

मंडळाची किल्ली आक्काबाईंच्या कमरेला असते. त्या रिटायर गार्डसाहेबांच्या मंडळी, सोलापूरकडच्या. त्यांचा एक कायदा आहे: मंडळाच्या खोलीत मराठीच बोलायचं. ज्याच्या तोंडून हिंदी निघेल, त्याने दारातल्या सगळ्यांच्या चपला ओळीने लावायच्या. त्यामुळे आमच्या दारात चपला नेहमी पलटणीसारख्या उभ्या असतात.

एके दिवशी स्कूटरवरून अमिता आली. शिक्षणशास्त्रात पीएचडी करत होती. महाराष्ट्राबाहेर वाढणारी मुलं संगणकावर, इंटरनेटवर गोष्टी ऐकून मराठी बोलायला शिकतात का, हा तिचा विषय. तिने नियम आणले. एका वेळी एकच मूल, कानाला हेडफोन, बाकीच्यांनी बाहेर थांबायचं.

बाहेर थांबतात होय? बाहेर ऊन, आत कूलर. एक खुर्चीवर आणि बाकीचे त्याच्या मानेवर. हेडफोनची वायर कुणीतरी हटकून काढायचं, मग माझा शाबूत स्पीकर सगळ्या खोलीला गोष्ट सांगायचा. अमिता वहीत लिहायची: 'गर्दी. अडथळा.'

आणि मी? गोष्ट रंगात आली, वाघ झुडपातून बाहेर येणार, की मी हँग. पडद्यावर चकरी गोल गोल फिरतेय, वाघाचा एक पाय बाहेर. लष्करातल्या सुभेदारांचा रणजीत लगेच म्हणायचा, "आता वाघ त्याला खाणार."

रेल्वेवाल्यांचा श्रेयस म्हणायचा, "येडा आहेस का? हीरो मेला तर गोष्ट कशी चालणार?"

"मतलब, दुसरा हीरो येणार."

"मतलब बोललास. जा, चपला लाव."

चकरी फिरतेय, वाघ उभा, आणि भांडण मराठीत. चपला कोण लावणार, म्हणून मराठीतच. अमिता कपाळाला हात लावून लिहायची: 'तांत्रिक बिघाड.' मी आतल्या आत पंखा फिरवून हसायचो.

या गोतावळ्यात उत्तमरावांची गौतमी होती. उत्तमराव रेल्वेत सिग्नलकडे. पोरगी घरात हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि मराठीत फक्त मान. विचारा काहीही, हलवायची मान. पहिल्या चाचणीत अमिताने तिच्या नावापुढे रेघ मारली होती. पण मी हँग झालो की तीही भांडणात घुसायची, आणि हळूहळू मान सोडून एखादा शब्द टाकू लागली होती.

रेल्वेच्या मुलांवर संशोधन करणं म्हणजे फलाटावर उभं राहून डबे मोजणं. गाडी सुटतेच. बदल्या झाल्या आणि अमिताची निम्मी मुलं गेली. उरल्या तिघांची शेवटची चाचणी झाली नाही, तर सगळ्या अभ्यासावर पाणी पडणार होतं. त्यात उत्तमरावांचीही बदली निघाली, भुसावळला. नवमीच्या संध्याकाळी गाडीत बसायचं, दसऱ्याला नागपुरात दीक्षाभूमीवर, आणि तिथून परस्पर भुसावळ. म्हणून चाचणी नवमीच्या सकाळी ठरली. मुलांनी माझ्यावर एक नवी गोष्ट बघायची आणि नंतर आपल्या शब्दांत सांगायची.

अमिता धावत आली, आणि उंबऱ्यातच थांबली.

नवमी म्हणजे खंडेनवमी, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. मला झेंडूचा हार. कपाळावर हळदीकुंकू, बटणावर हळदीचा ठसठशीत टिळा. सीडीच्या खणात साखरफुटाणे. नारळ आक्काबाई माझ्याच डोक्यावर फोडणार होत्या, पण अंगणातला दगड जास्त टणक निघाला म्हणून वाचलो.

"आक्का, हे चालू करायचंय."

"आज न्हाई. आज हत्यारांची पूजा. त्यांनीबी एक दिस इसावा घ्यावा का न्हाई?"

"हे हत्यार नाही हो, संगणक आहे."

"मग तुजा त्यो अब्यास काय हातांनी करतीस?"

गौतमीने हळूच मध्ये तोंड घातलं. "आज्जी, आमच्यात ही पूजा नसते. मी दाबू बटण?"

"तुमच्यात नसू दे की बाय. पर हळद मी लावलीया. माजा मान ऱ्हाईल का?"

गौतमीने बोट मागे घेतलं. अमिता नव्या विचारांची, पण तिचंही बोट त्या टिळ्यापाशी जाऊन परत आलं. गोष्ट माझ्याच पोटात होती. आयुष्यभर मी हौसेने बंद पडलो, आणि आज चालू व्हायची हौस आली तर बंद. अमिताचा चेहरा उतरलेला बघून पहिल्यांदाच मला गंमत वाटली नाही.

ती मुलांपुढे सतरंजीवर बसली. म्हणाली, "आता आठवेल तशी मीच सांगते." सुरुवात केली. एका कुंभारणीची बकरी राजाच्या बागेत शिरली, माळ्याने तिला धरलं, आणि माळी म्हणाला... तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून तिचे मार्गदर्शक वसंतराव सर. अमिता कानाला फोन लावून गप्प बसली, तोंड अर्धं उघडं.

गौतमी म्हणाली, "ताई हँग झाल्या. पुढे मी सांगते."

आणि सांगायला लागली. "माळी म्हणाला, सुटायचं असेल तर कुंभारणीला बोलाव. बकरी म्हणाली, ती नाही येणार, तिचे हात मातीचे आहेत. आणि हिसका देऊन पळाली."

रणजीत म्हणाला, "मग राजाने शिपाई पाठवले."

"एका बकरीसाठी पूर्ण पलटण?" गौतमीने विचारलं.

"आमच्या पप्पांना एकदा एका उंदरासाठी बोलावलं होतं."

"मग सापडला का?"

"नाही. राजाला पण बकरी सापडणार नाही."

"सापडणार. गोष्ट माझी आहे, मधे बोलू नको. तू तुझ्या उंदराची वेगळी सांग."

अमिताने फोन कानापासून काढून त्यांच्यापुढे धरला. पलीकडून सर बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "छान बोलतायत. कुठला संच वापरलास?"

"सर, तो बंद आहे."

"मग हे शिकले कशावर?"

अमिताने माझ्याकडे बघितलं. मी हार घालून नवरदेवासारखा बसलो होतो. ती हसायला लागली, आणि वहीची मागची पानं उलटून 'तांत्रिक बिघाड' असं लिहिलेल्या प्रत्येक जागी गोल करत सुटली. आक्काबाईंनी माझ्या खणातले साखरफुटाणे काढून तिघांना वाटले. गौतमीला जरा जास्त, गाडीत खायला.

प्रबंध पूर्ण झालाय. संगणक अडतो तेव्हा मुलं आपसात काय बोलतात, हा आता त्याचा विषय आहे. माझं नाव त्यात नाही, 'जुना संच' म्हटलंय. चालेल. म्हाताऱ्याला आणखी काय म्हणणार?

बाकी माझं बरं चाललंय. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात गेल्यात, त्यामुळे मी थोडा शिंकतो. समोर नवी-जुनी पोरं आहेत, चपला ओळीत आहेत. परवा भुसावळहून गौतमीने व्हिडिओ कॉल लावला. पडदाभर तिचा चेहरा. म्हणाली, "काल शाळेत बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं केलं आणि..." मी तिथेच हँग झालो.

"शिक्षा केली असेल," रणजीत म्हणाला.

"गोष्ट सांगायला लावली असेल," श्रेयस म्हणाला.

आता मंडळात दुरुस्तीवाल्याला बोलवायचं चाललंय. भला माणूस असेल. चहा पाजा, जिलबी द्या, आणि आल्या वाटेने परत पाठवा. मला हात लावू देऊ नका. पोरांचं अजून बोलून झालेलं नाही.