बरडावरचा तीन दिवसांचा तळ

हे कोणाला पटणार नाही, आणि ज्याला पटेल त्याच्या डोक्याचं काही खरं नाही, असं चंपतरावांनी ओट्यावर जमलेल्यांना आधीच बजावलं. मग सुरू झाली मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. खांदशेकणीची.

त्या दुपारी त्यांचा बैल, चांद्या, दावं तोडून गावाबाहेरच्या ओसाड बरडावर गेला. खांद्याला हळद-लोणी चोळायचं आणि कानाशी तोंड नेऊन बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं, ते दिवे लागायच्या आत. नाही दिलं तर त्यांच्या घरची जोडी पोळ्याच्या तोरणाखाली उभी राहत नाही. चंपतराव हळदीची वाटी घेऊनच धावत सुटले.

बरडावर कोण्या जुन्या फौजेचा तळ आहे. तीनच दिवस थांबली होती म्हणतात. चौकोनी बुटका बांध, बाहेरून चर, चार बाजूंना चार वाटा, आत चुलींच्या दगडांच्या रांगा. गुराखीही आत पाय ठेवत नाहीत.

चांद्या नेमका मधोमध उभा. दावं नाही, तरी मान खुंट्याला आवळल्यासारखी ताठ. धुकं उतरलं. मोबाइलची रेंज गेली. चंपतराव ठेचकाळले, हात टेकला तो चुलीच्या दगडावर, आणि दगड गरम. आत्ताच कोणी तवा उतरवावा तसा. मग श्वास ऐकू आले. डाव्या अंगानं, उजव्या अंगानं, रांगेनं. बैलाला ओढत ते एका वाटेनं बाहेर पडले, तर पुन्हा चुलींमध्येच. दुसरीनं तेच. तिसरीनंही तेच. चौथीकडे बघायची छाती झाली नाही.

उजेड विझत चालला. निदान आवतन तरी द्यावं म्हणून त्यांनी खांदे चोळले, आणि कानात सांगायचं ते भीतीपोटी मोठ्यानं बोलून गेले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

श्वास थांबले. सगळे एकदम. मग शेकडो पावलं त्यांच्याकडे वळली. आवतन फौजेनं घेतलं होतं. चौथी वाट आपोआप मोकळी झाली. यजमानाला कोण अडवून ठेवील?

आणि दुसऱ्या दिवशी ते आले, चंपतराव दबक्या आवाजात म्हणाले. दिसत कोणी नव्हतं. अंगणातली रांगोळी तेवढी पावलापावलानं घरातल्या चुलीच्या दिशेनं पुसली जात होती.

मागे त्यांची बायको राहीबाई शेंगा निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

“अवो, चांद्याले शेजारच्या रविकांतच्या कपाशीतून मीच आनलं. आवतनबी मीच देल्लं. तुमी तवा घरात झोपून राह्यले होते.”